खाडीच्या तोंडाशी पाऊण तास

वसईची थंडी ही थंडी म्हणायच्या लायकीची नाही, असं माझे नागपूरचे दीर दरवर्षी फोनवर ऐकवतात. असेल बुवा. पण मार्गशीर्ष लागला की गोखिवऱ्याच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतली फरशी सकाळी पायांना गार लागते. खाली कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो आणि त्याचा धूर वर न जाता जमिनीलगत रेंगाळतो. किनाऱ्याकडच्या गावांत घराघरांवर नाताळचे तारे लागतात, केळीच्या बागांतून ओलसर, किंचित आंबूस वास येतो. आणि माझ्या पोटऱ्या मला न विचारता शिवशिवायला लागतात.

यंदाही तसंच झालं आणि नेमका त्याच आठवड्यात फोनवर फॉर्म आला. किनाऱ्यावरच्या शर्यतीचा. किल्ल्याजवळून निघायचं, वाळूवाळूने अर्नाळ्यापर्यंत जायचं आणि आलो तसं परत यायचं, पन्नास किलोमीटर. मॅरेथॉनपेक्षा लांब असलं की त्याला अल्ट्रा म्हणतात, हे मला पंचेचाळिशीत कळलं. त्याआधी माझं धावणं म्हणजे दूध उतू जाताना हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: ‘ही शर्यत यापूर्वी पूर्ण केली आहे का?’ हो किंवा नाही. तीन दिवस मी त्या रकान्यापाशी अडून बसलेय. ‘नाही’ हे उत्तर खरं आहे. ते का खरं आहे हे लिहायला तिथे जागा नाही आणि ते मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. ज्यांना सांगायला हवं त्यांना तर नाहीच.

त्या म्हणजे माझ्या वन्स. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हल्ली नणंदेला कुणी वन्स म्हणत नाही, ताई म्हणतात किंवा सरळ नावाने हाक मारतात. पण मी दापोलीहून लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, ‘ही तुझी वन्स,’ आणि तेच तोंडात बसलं. त्यांनी लग्न केलं नाही. गासच्या शिवेवर आमची वाडी आहे, केळी, पानवेली आणि चार-दोन नारळ, मधोमध बावखल. बावखल म्हणजे आमच्या भागातलं वाडीतलं तळं, पायऱ्या उतरून जायचं आणि शिंपणाचं पाणी घ्यायचं. भाऊ नोकऱ्यांसाठी बाहेर पडले, वाडी आणि वन्स तिथेच राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं. गणित आणि शारीरिक शिक्षण, दोन्ही. त्यामुळे त्यांच्या हातात एक तर खडू असायचा नाही तर गळ्यात शिट्टी.

डॉक्टरांनी माझी साखर काठावर आहे म्हणून रोज चालायला सांगितलं, ते मी वाडीवर गेले असताना सहज बोलून गेले. वन्सनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “चालतेस काय म्हाताऱ्यासारखी? धाव की!” त्या म्हणाल्या. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि त्या निवृत्त होऊन वर्ष झालेल्या, एकोणसाठच्या. पुढच्या रविवारी सकाळी त्या मला कळंबच्या किनाऱ्यावर घेऊन गेल्या. अंगात सलवार कमीज, पायात शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे धावायचं, दोन शिट्ट्या म्हणजे चालायचं. माझ्यासारख्या प्रौढ, कमावत्या, दोन मुलांच्या आईला कुणी शिट्टीवर नाचवत असेल यावर किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचासुद्धा विश्वास बसत नव्हता. ती बिचारी आमच्या मागे धावत यायची आणि दोन शिट्ट्या झाल्या की तीही थांबायची.

मला त्या थंडीतलं सगळं आठवतं. ओहोटीची ओली वाळू, सारवलेल्या अंगणासारखी घट्ट. तिच्यावर पाऊल पडलं की भोवती क्षणभर कोरडं वर्तुळ उमटतं आणि लगेच पुसलं जातं. वर चढावं तर सुकी वाळू, ती पाय गिळते. ओठांवर मीठ, काखेत मीठ, मोज्यांत वाळू. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख आधी निळं झालं, मग काळं, मग एके दिवशी मोज्याबरोबर निघूनच आलं. मी ते वन्सना दाखवलं तर म्हणाल्या, “नवीन येतं. त्यात काय!” राजोडीला एका घराच्या फाटकापाशी एक ख्रिस्ती मावशी चर्चमधल्या रविवारच्या मिस्साहून आल्यावर मुद्दाम उभी राहायची, आमच्यासाठी तांब्यात पाणी घेऊन. “कोण मागं लागलंय गो तुमच्या?” असं ती दर वेळी विचारायची आणि दर वेळी स्वतःच हसायची. परत येताना वन्स खिशातून सुकेळी काढून द्यायच्या, वाडीतल्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली. धावणाऱ्यांसाठी दुकानात मिळते ती चिकट एनर्जी जेल मी एकदाच खाल्ली. सुकेळीपुढे तिची काय कथा!

किनारा सलग नाही. कळंब आणि भुईगावच्या मध्ये खाडीचं एक तोंड लागतं. भरतीला तिथे छातीभर पाणी, ओहोटीला घोटाभर. त्यामुळे धावायला कधी निघायचं हे घड्याळ ठरवत नसे, पाणी ठरवत असे. आणि पाण्याची वेळ ठरवत वन्सची बोटं.

हे गणित ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, फार सोपं आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, आणि तिच्या आधीनंतरचे अडीच-अडीच तास खाडी चालत ओलांडता येते. वन्सनी शाळेत पिढ्यान्‌पिढ्यांना पाऊणकीचा पाढा याच हिशेबावर शिकवला होता. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरसर फिरे, ओठ हलत आणि उत्तर येई. खाडीच्या तोंडाशी खेकडे, म्हणजे आमच्या चिंबोऱ्या, पकडायला येणारी हिराबाई त्यांचीच विद्यार्थिनी. समुद्रातच जन्म गेलेला, तिला स्वतःला पाणी कळत नव्हतं असं थोडंच! पण आम्ही दिसलो की ती हटकून विचारायची, “बाई, उंद्या पानी कवा उतरंल?” वन्स मोजायच्या, सांगायच्या आणि हिराबाई मान डोलवायची. बाईंची परीक्षा घ्यायचा तेवढाच मान तिला मिळत असावा.

माझ्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं ॲप होतं. मी ते एकदाच उघडलं होतं. वन्स म्हणाल्या, “बघ, काय म्हणतो तुझा फोन?” फोनचं आणि त्यांचं उत्तर दहा मिनिटांच्या आत जुळलं. “पास केला त्याला,” असं म्हणून त्यांनी शिट्टी मारली. नंतर त्या थंडीत मी ॲप उघडलंच नाही.

त्याच थंडीत आम्ही दोघींनी या शर्यतीचे फॉर्म भरले. शर्यतीच्या आदल्या दिवशी छातीवर लावायचे नंबर आणायला मी एकटीच गेले. वन्सना वाडीत पाणी द्यायचं होतं. तिथे आयोजकांनी सगळ्यांना बसवून मार्ग समजावून सांगितला. जाताना खाडी आठनंतर उघडेल, परतताना दुपारी एक वाजता बंद. एकनंतर जो येईल त्याने रस्त्याने वळसा घालून यायचं, सहा-सात किलोमीटर जास्त. शेवटची वेळ चार. मी ते नीट ऐकलं. नंबरांच्या पाकिटावर लिहूनसुद्धा घेतलं: एक.

संध्याकाळी पाकीट घेऊन वाडीवर पोचले तर ओट्यावर हिराबाई बसलेली आणि वन्स बोटं मोजत होत्या. नवं वर्ष लागून चार-पाच दिवसच झाले होते. जुनं कॅलेंडर उतरवलेलं, नवं अजून गुंडाळीतच कपाटावर. त्या त्यांच्या संकष्टीच्या उपवासापासून मोजत आल्या. “उद्या सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. म्हणजे सव्वाअकराला पाणी तळाला. पुढे अडीच तास धर. पावणेदोनपर्यंत खुशाल चालत जाऊ.” हिराबाईने मान डोलवली. मी पाकीट पिशवीतून काढलंच नाही. म्हटलं, आयोजक काळजीपोटी पाऊण तास हातचा राखून ठेवत असतील. म्हटलं, उद्या सांगू. हिराबाईसमोर त्यांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं.

सकाळी सहाला किल्ल्याजवळून निघालो. दोन-अडीचशे माणसं, चकचकीत बूट, पाठीवर पाण्याच्या नळ्या. त्यात आमच्या वन्स, छातीवर नंबर आणि त्यावर शिट्टी. सुरूची बाग मागे पडली, रानगाव मागे पडलं, उजवीकडे झाडांच्या शेंड्यांवर ऊन आलं. आठ वाजता खाडीपाशी आलो तर पाणी चांगलंच उतरलेलं होतं, पोटरीएवढं. “लवकर उतरलं,” वन्स म्हणाल्या आणि क्षणभर थांबल्या. “वाऱ्याने ओढलं असेल.” मी बुटांकडे बघत पाण्यात उतरले. पाणी ओलांडताना त्यांनी माझा हात धरला होता.

अर्नाळ्याला वळलो तेव्हा दहा वाजून गेले होते. परतीचं ऊन समोरून यायला लागलं. नवापूर, राजोडी. मावशी तांब्या घेऊन उभीच होती, आज घरातली सगळी माणसं जमवून. तिच्या नातीने टाळ्या वाजवल्या. माझ्या टाचेला फोड आला होता, मांड्या घासून सोलवटल्या होत्या आणि मी मनातल्या मनात अल्ट्रा हा शब्द शोधून काढणाऱ्याला दापोलीच्या खास शिव्या देत होते. वन्स मात्र एका लयीत. एक शिट्टी, दोन शिट्ट्या. बारा वाजता कळंबला आलो. सुरूच्या बनाकडे बघून त्या म्हणाल्या, “चल, पेज पिऊ.”

भर शर्यतीतून घरी जाऊन पेज पिऊन येणारी बाई साऱ्या जगात ही एकच असेल. पण वाडी बनापासून दहा मिनिटांवर आणि त्यांनी सकाळी पातेलं झाकून ठेवलेलं. “पावणेदोनपर्यंत वेळ आहे. पाऊण तास बसू. पोटात काही नसेल तर शेवटी गळाठशील.” त्यांचा आवाज शाळेतला होता आणि माझी टाच ठणकत होती. मी त्यांच्यामागे गेले.

आम्ही बावखलाच्या पायरीवर बसलो. वन्सनी बूट काढले, मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडले. मीही सोडले. ते पाणी! वर केळीच्या पानांची सावली, पाण्यावर शेवाळाची साय आणि खाली इतकं गार की टाचेतला ठणका जणू कुणी हाताने काढून घेतला. हातात पेज, मिठाची, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. समोरच्या बांबूवर खंड्या येऊन बसला आणि सूर मारायचं विसरून आमच्याकडे बघत राहिला. घड्याळात साडेबारा वाजायला आले होते. आता सांगितलं तर पोचतो, असा मी हिशेब केला. तोंड उघडलं. आणि वन्सच बोलायला लागल्या.

त्या आपल्या घरच्या बोलीत बोलत होत्या. हे सांगायला हवं, कारण वीस वर्षांत त्या माझ्याशी त्या बोलीत कधी बोलल्या नव्हत्या. भावांशी बोलायच्या, गड्यांशी बोलायच्या, माझ्याकडे वळल्या की पुस्तकी मराठी, सुनेला पाहुणीसारखं वागवावं तशी. त्या दिवशी त्यांना ते कळलंसुद्धा नाही. त्यांची वाक्यं मी इथे तशीच लिहायला गेले तर चुकतील, म्हणून माझ्या मराठीत सांगते.

एकोणिसाव्या वर्षी त्या पंधराशे मीटरमध्ये जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या. पुण्याला राज्याच्या स्पर्धेला जायचं होतं. बॅग भरून तयार होती. सकाळी वडील म्हणाले, पानवेलीला पाणी कोण घालणार? झालं. त्यांनी दिवसभर पाणी घातलं आणि संध्याकाळी बॅग रिकामी केली. रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. मग शिक्षिका झाल्या आणि चौतीस वर्षं मुलांना शिट्टी मारून सोडलं, शेवटच्या रेषेवर उभं राहून त्यांच्या वेळा लिहिल्या. “ती रेषा मी स्वतःच चुन्याने आखायचे,” त्या म्हणाल्या, “पण धावत कधी ओलांडली नाही. आज ओलांडीन.” आणि मग त्या हसल्या, अगदी एकोणीस वर्षांच्या मुलीसारख्या, पाय पाण्यात हलवत.

घड्याळात बारा चाळीस झाले होते.

मला ठाऊक होतं, मी ‘वन्स, उठा’ म्हटलं की त्या उठतील, बूट घालतील, पुन्हा बाई होतील. आणि ही जी माझ्याशेजारी बसली होती ती पुन्हा कधी भेटणार नाही. मला तिला ऐकायचं होतं. तिला ज्या रेषेपर्यंत जायचं होतं तिचीच वेळ माझ्या मनगटावर निघून जात होती, हेही मला कळत होतं. मी दुसरा हात घड्याळावर ठेवला. पाय निघत नव्हते हेही खरं, उगाच सगळं प्रेमाच्या नावावर खपवू कशाला? पण निम्मं तरी ते प्रेमच होतं. त्या बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले.

खाडीपाशी पोचलो तेव्हा सव्वा वाजून गेला होता. तोंडाशी आडवी दोरी बांधलेली, पलीकडे पाणी मांडीपर्यंत चढलेलं, चांगल्या ओढीचं. दोरीपाशी बसलेली कार्यकर्ती, विशीतली मुलगी, उठून म्हणाली, “सॉरी मॅडम, पॉइंट क्लोज झालाय एक वाजता. आता रोडने फिरून जावं लागेल. सेफ्टी का मामला है ना.”

वन्स पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला. अंगठा पेरांवरून फिरला, परत फिरला. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “आज सप्तमीच ना गं?”

आणि मी म्हणाले, “मला काय माहीत, वन्स? तिथी तुम्ही मोजता.”

तेवढंच. सात-आठ शब्द असतील. नंतर आम्ही मिठागरांच्या कडेने, रस्त्याने सहा-सात किलोमीटरचा वळसा घातला. त्यांनी एकदाही शिट्टी वाजवली नाही. किल्ल्याजवळ पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. हवा भरलेली ती रंगीत कमान उतरवून जमिनीवर पसरली होती आणि दोन माणसं तिच्यावर लोळून तिच्यातली हवा काढत होती. शेवटच्या रेषेची पट्टी कधीच गुंडाळली होती. माझा नवरा एकटाच केळ्यांचा घड मांडीवर घेऊन कठड्यावर बसला होता. वन्स त्याला म्हणाल्या, “माझ्यामुळे हिचं राहिलं रे.”

माझ्यामुळे हिचं राहिलं. संक्रांतीला आल्या तेव्हाही हेच म्हणाल्या, माझ्या आईला फोनवर हेच सांगितलं. घरी येऊन मी कॅलेंडर बघितलं होतं, त्यात षष्ठी दोन दिवस होती. पंचांगात कधी कधी एकच तिथी लागोपाठ दोन दिवस येते, ती त्यांच्या बोटांतून निसटली. एक तिथी म्हणजे पाऊण तास. चूक त्यांचीच होती, म्हणजे आकड्यांची. पण एक वाजता बंद हे मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि चुकीला सोबत करत मी पेज पीत बसले होते. सांगायचं रोज ठरवायचे. रोज वाटायचं, आता सांगून काय उपयोग, उगाच त्यांना आणखी वाईट वाटेल. ही पळवाट किती सोयीची असते ते पळणाऱ्यालाच कळतं.

त्यानंतर वन्सनी मोजायचं सोडलं. हिराबाईने विचारलं तर म्हणायच्या, “मोबाइलवर बघ.” हिराबाई मला एकदा खाडीवर गाठून म्हणाली, “बाईंना काय झालंय वं? मोबाइल काय, बगता मला पन येतो. पन तो इचारपूस करतो का?” पुढच्या थंडीत वन्सनी फॉर्म भरला नाही. म्हणून मीही भरला नाही. फाल्गुनात त्या बावखलाच्या पायरीवरून घसरल्या आणि खुबा मोडला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. धाकट्या दिरांचं नागपूरचं घर तळमजल्यावर, म्हणून ते त्यांना घेऊन गेले. वाडी आता दुसरं कुणी कसतं. बांबूवर खंड्या येतो की नाही, कोण जाणे.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. आता चालतात, काठी घेऊन. “इथे तलाव आहे गं जवळ, मोठा आहे,” त्या एकदा म्हणाल्या, “पण त्याला भरती नाही.” आणि फोन ठेवण्याआधी न चुकता विचारतात, “आज भरती किती वाजता?” ज्या बाईने अख्ख्या किनाऱ्याला वेळा सांगितल्या ती नागपुरात बसून मला वेळ विचारते आणि मी फोनमध्ये बघून सांगते. किती वर्षं असं सांगत राहणार होते मी?

मला ती थंडी परत हवी आहे. पदक नको, पदकं काय, ढिगाने वाटतात. मला दोन शिट्ट्यांवर थांबणारी कुत्री हवी आहेत, ती मिठाची पेज हवी आहे, पाण्यात हलणारे ते दोन म्हातारे पाय हवे आहेत. गेले काही रविवार मी पुन्हा एकटीच धावतेय. शिट्टी नसली की कधी थांबायचं ते कळत नाही, मग मी एक तर फार धावते नाही तर फार चालते.

काल रविवार होता. राजोडीहून निघाले, कळंब संपलं आणि सव्वादहाला खाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. समोर कमरेभर पाणी. निघताना मुद्दाम ॲप बघितलं नव्हतं. हिराबाई पलीकडच्या काठाला दगडांत वाकली होती. मी कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि नागपूरला लावला. मागे दिरांचा टीव्ही लागलेला, कुकरची शिट्टी झाली. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर वन्सनी नेहमीचं विचारलं, “आज भरती किती वाजता गं?”

“तुम्ही सांगा,” मी म्हणाले.

“मी सोडलं ते.”

“वन्स, त्या दिवशी खाडी एक वाजता बंद होणार हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी सांगितलं होतं त्यांनी. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

पलीकडे टीव्ही बंद झाला. बहुधा त्यांनीच कुणाला तरी खूण केली असावी.

“आदल्या दिवसापासून माहीत होतं?”

“हो.”

“आपण पेज पीत बसलो तेव्हाही?”

“हो.”

“मग उठवलं का नाहीस?”

“तुम्ही बोलत होतात.”

फोन कट झाला असं वाटून मी दोनदा बघितलं. मग त्यांचा श्वास ऐकू आला.

“वाईट केलंस, ज्योती,” त्या म्हणाल्या. “मला वाटत होतं, डोकं गेलं माझं. म्हातारपण लागलं. तीन वर्षं मी स्वतःच्या हाताला घाबरते आहे.”

मी रडत होते. खाडीच्या तोंडाशी, ट्रॅकपँटमध्ये, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. माफ करा म्हणाले, ते त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. पाणी आपल्या गतीने उतरत होतं.

“कुठे आहेस?” त्यांनी विचारलं.

“खाडीपाशी. कळंबच्या बाजूला.”

“किती वाजले?”

“सव्वादहा. होऊन गेले थोडे.”

“आज दशमी. एकच आहे, कॅलेंडर बघितलंय मी.” मला दिसत नव्हता, पण अंगठा पेरांवरून फिरत असणार. “दहा पाऊण साडेसात. दीडला तळ. अडीच तास मागे ये. अकराला उतरेल. पाऊण तास आहे अजून. बस तिथे.”

मी बसले. ओल्या दगडावर, फोन कानाला लावून. आणि वन्स बोलायला लागल्या, घरच्या बोलीत. नागपूरच्या गल्लीतल्या शाळेची पोरं खिडकीतून दिसतात, त्यांचा शिक्षक शिट्टी चुकीची वाजवतो. पुण्याला जायचं होतं त्या सकाळी बॅगेत काय काय भरलं होतं. आईने लपवून दिलेले तिळाचे लाडू. मग वाडी, मग खंड्या. समोर पाण्याची कड खाली सरकत होती, आधी वाळूचा एक पट्टा उघडा पडला, मग दुसरा. हिराबाई दोन्ही हातांत चिंबोरी धरून मध्यापर्यंत आली होती, पाणी तिच्या पोटरीला. वन्स लाडवांवरून वडिलांवर आल्या होत्या. मला ऐकत राहायचं होतं. मी घड्याळ बघितलं.

“वन्स,” मी मध्येच म्हणाले, “अकरा वाजले.”

त्या अर्ध्या वाक्यावर थांबल्या. “उतरलं?”

“उतरलं. अगदी वेळेवर.”

“मग ऊठ की! बसलीस काय?”

मी बूट हातात घेतले आणि पाण्यात पाय टाकला.